अकरावा धडा

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता शिवणाच्या बाईंकडून लिहून घेतला आहे. फोडलंस ना? मग आता वाचच.

पाच वर्षं झाली. अबोला धरण्यात तू लहानपणापासून पटाईत. माझ्या हातून तुझी बाहुली फुटली तेव्हा पंधरा दिवस तू माझ्याशी भिंतीमार्फत बोलत होतीस. "भिंती, हिला सांग, आईने जेवायला बोलावलंय." या वेळी मधे भिंतसुद्धा ठेवली नाहीस. असो. मी मोठी, तेव्हा आधी मीच लिहायचं, असं ठरवून बसले आहे.

वर्ग चालू आहे. तीच खोली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची. तोच जिना, आणि त्याची तिसरी पायरी अजून हलते. माझे गुडघे आता त्या पायरीला सामील झाले आहेत. सकाळी दोन तास वाचन-लेखन, दुपारी हाताचं काम. शिवणाच्या आठ यंत्रांपैकी सहा चालतात, सातवं त्याच्या मनात येईल तेव्हा. यंदा पहिल्या बाकावर एक सुतार बसतो. पेन्सिल कानामागून काढतो, एक अक्षर लिहितो आणि पुन्हा कानामागे खोचतो. तू असतीस तर हसून हसून बेजार झाली असतीस.

संस्थेचा आधार अजून आहे. दरवर्षी सचिवबाई येतात, खुर्चीत बसतात आणि एकेकाकडून पुस्तक वाचून घेतात. तिसातले पंचवीस पास झाले नाहीत तर पुढच्या वर्षी संस्था हात आखडता घेणार, हा नियमही तोच. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. पाच वर्षांत माणूस विसरतो.

बाकी विशेष काही नाही. हॉस्पिटलात साफसफाईच्या कामावर असलेल्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या हातून जरा गडबड झाली, त्याची चौकशी चालू आहे. मिटेल ते.

हो, एक राहिलं. तुझी ती निळी वही, जाताना घेऊन गेली होतीस ती. अजून असेल तर फाडून टाक. तिचं आता कुणाला काही काम नाही. उगाच कुणाच्या हाती लागायला नको.

प्रकृतीला जप. थंडीत तुझे कान दुखतात, कान बांधत जा.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. पण मागचं पत्र वाचून तुला जे वाटलं असेल तेही मला ठाऊक आहे. "ताईला पाच वर्षांनी माझी आठवण झाली ती वहीसाठी." खरं आहे. नाकारत नाही.

गडबड "जरा" नव्हती. आणि ती विद्यार्थिनी म्हणजे घड्याळबाई.

आठवते ना? तुझ्या शेवटच्या तुकडीतली. वर्ग नऊला सुरू व्हायचा आणि ही पावणेनऊला जिन्यात उभी. तूच तिला ते नाव ठेवलं होतंस आणि तिला ते इतकं आवडलं की घरीही तेच सांगितलं. परीक्षेनंतर तिला हॉस्पिटलात काम लागलं. गेली पाच वर्षं एक दिवस उशीर नाही, एक तक्रार नाही. मी तर नव्या मुलींना तिचंच उदाहरण द्यायचे.

तिथं फरशीचं औषध निळ्या झाकणाच्या डब्यात यायचं, संडास-मोरीचं पिवळ्या झाकणाच्या. ती झाकणं ओळखायची. डब्यावर काय लिहिलंय ते बघायची तिला कधी गरजच पडली नाही. गेल्या महिन्यात हॉस्पिटलने माल पुरवणारा बदलला आणि सगळे डबे पांढऱ्या झाकणाचे आले. हे एकमेकांत मिसळू नका, असं प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं म्हणे. तिनं कुणाला विचारलं नाही. कसं विचारणार? पास झालेली बाई, तीही प्रमाणपत्रवाली. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या मोरीत तिनं दोन्ही एकाच बादलीत ओतलं.

वाफ झाली आणि ती तिथंच कोसळली. तिला ओढून बाहेर काढायला आत शिरला तो स्ट्रेचर ढकलणारा, तीन मुलांचा बाप. ती आठ दिवसांत घरी आली. तो अजून नळ्यांवर आहे. छाती जळली आहे म्हणतात.

आता प्रश्न एवढाच की दोष कुणाचा. बाईला वाचता येत होतं, तर तिनं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं. तिची नोकरी तर जाईलच, वर खटला. वाचता येत नव्हतं, तर तिला पास कुणी केलं?

सचिवबाई परवा येऊन गेल्या. चहा तसाच ठेवला त्यांनी. म्हणाल्या, "तुमचं प्रमाणपत्र खरं आहे, एवढंच तुम्हाला सांगायचंय. चौकशीत उलटसुलट काही निघालं, तर संस्था या कामातून पाय काढता घेईल. मग त्या तीस जणांनी कुठं जायचं, ते तुम्हीच बघा." मी म्हटलं, "प्रमाणपत्र खरंच आहे." इतक्या सहज म्हटलं, की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

आपली सगळी प्रमाणपत्रं खोटी होती असं समजू नकोस. मी शिकवते, गाढवासारखी राबून शिकवते. तिसातले पंधरा-सोळा खरोखर वाचायला लागतात. उरलेल्यांना वेळ लागतो आणि वेळ कोण देतो? म्हणून परीक्षेला अकरावा धडा. "नव्या कामाचा पहिला दिवस." दोन महिने तोच घोटून घ्यायचा, चालीवर, बोट कुठं फिरवायचं त्यासकट. सचिवबाई म्हणायच्या, "कुठलंही पान उघडा", आणि पुस्तकं अशी झिजलेली की आपोआप अकराव्या धड्यावरच उघडायची. हे तूच पहिल्यांदा ओळखलंस. तू मग गुपचूप प्रत्येकाला बाजूला घेऊन वर्तमानपत्रातला तुकडा वाचायला दिलास आणि निळ्या वहीत लिहून ठेवलंस, कुणाला नवं वाचता येतं आणि कुणाचं नुसतं पाठ आहे.

चौदा नावं होती तुझ्या वहीत, नुसतं पाठ असलेल्यांची. नापासांची यादी करून तू माझ्यापुढं ठेवलीस आणि मी ती सगळ्या वर्गासमोर फाडली. "तुझ्या खरेपणावर इथं कुणाचं पोट भरत नाही," असं म्हणाले. घड्याळबाई दुसऱ्या बाकावर बसली होती. तिनं ते ऐकलं असणारच.

वही फाडू नकोस. म्हणजे, फाडली नसलीस तर.

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आज घड्याळबाईंच्या घरी जाऊन आले.

दोन खोल्या, अगदी लखलखीत. बसायच्या खोलीत एकच चौकट टांगलेली, त्यात आपलं प्रमाणपत्र. माझी सही केवढी मोठी आहे गं त्यावर! मला तिकडं पाठ करून बसता यावं म्हणून मी खुर्ची हलवली, तर सून म्हणाली, "राहू द्या ना बाई, तिथून चांगलं दिसतं."

घड्याळबाईंचा आवाज पार बसला आहे. चार शब्द बोलतात, थांबतात, पाणी पितात. मी मनाशी सगळं ठरवून गेले होते. सून आत गेल्यावर म्हटलं, "मी चौकशीत सांगणार आहे, तुम्हाला वाचता येत नव्हतं. चूक माझी आहे. तुमच्यावर काही येणार नाही."

त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. मी त्यांना वाचवायला नाही, लुटायला आले आहे, असा झाला होता.

"असं करू नका बाई," त्या म्हणाल्या. "पाया पडते."

"अहो, पण खटला झाला तर?"

"होऊ दे. निष्काळजी म्हणतील. म्हणू देत. निष्काळजी काय, शिकलेली माणसंही असतात." मग दाराकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "सून आधी माझ्याशी धड बोलायची नाही. त्या कागदानंतर बोलायला लागली. नात शाळेतून आली की म्हणते, आजी, धडा वाचून दाखव. मी तिला आपला तो वाचून दाखवते. आता या वयात सगळ्यांसमोर मला अडाणी म्हणू नका."

मी विचारलं, "आणि तो माणूस? ज्यानं तुम्हाला बाहेर काढलं?"

त्या रडायला लागल्या. रडताना खोकला आला, खोकताना बोलता येईना. सून धावत आली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घातल्या आणि निघाले.

आता खरं सांगते, कारण तुझ्यापुढं लपवून उपयोग नाही. जिना उतरताना मला हलकं वाटलं. खुद्द तिनंच नको म्हटलं, आता माझ्याकडे काय बोट दाखवायचं? वर्ग वाचला, तीस जण वाचले, तिची इज्जत वाचली. कोपऱ्यावरच्या दुकानात मी केळीसुद्धा घेतली. घरी येऊन एक खाल्लं आणि मग माझी मलाच शिसारी आली.

तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. म्हणून तर विचारत नाही.

ताई


२८ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पार्सल मिळालं. आत एक चिठ्ठीही नाही, नुसती वही. तूच ती, शंका नको.

दोन तास उघडली नाही. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मग उघडली. किती बारीक लिहिलं आहेस गं! कोण कुठं अडखळतो, कुणाला चष्म्याची गरज आहे, कोण रडतं. मी पंचवीस वर्षं शिकवते आहे आणि माझ्याकडे नुसत्या हजेऱ्या आहेत.

घड्याळबाईंच्या नावापुढं तू लिहिलं आहेस, "नवं वाचता येत नाही. अक्षरं बरीच ओळखते, जोडताना घाबरते. पाठ मात्र सुंदर आहे. अजून चार महिने द्यावेत."

फक्त चार महिने. मी तेव्हा ही ओळ वाचली असती, तर... नाही, तेव्हा वाचली असती तरी मी यादी फाडलीच असती. ज्या वर्षी सोळाच पास दाखवले असते, त्या वर्षी वर्गाला कुलूप लागलं असतं, मग तिला चार दिवसही मिळाले नसते. हे तुला कधी पटलं नाही. खरं सांगू? मलाही आता नीटसं पटत नाही. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही आणि तू भांडून मोकळी झालीस. तू थांबली असतीस, तर दुपारी तिला वेगळं बसवून शिकवता आलं असतं. हेही लिहून टाकते. माझ्यावरचा राग तुला आहे, तसा माझाही तुझ्यावर आहे.

चौकशी परवा आहे. वही पिशवीत ठेवली आहे.

ताई


३ मार्च

धाकटे,

काल झालं ते जसंच्या तसं लिहिते. मधे थांबले तर पुढं लिहायची नाही.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर लांब टेबलाची खोली. पलीकडे चौकशी अधिकारी, चष्मा लावलेला, सर्दी झालेला साधा माणूस. सारखा नाक पुसत होता आणि दर वेळी माफी मागत होता. एका बाजूला सचिवबाई. भिंतीशी स्ट्रेचरवाल्याची बायको बसली होती, मांडीवर नवऱ्याचा डबा घेऊन. तिथून ती तशीच वॉर्डात जाणार होती. घड्याळबाई वीस मिनिटं आधीच येऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. सोबत सून.

मला पहिल्यांदा विचारलं. "तुमच्या वर्गातून बाहेर पडताना यांना वाचता येत होतं का?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. वहीचा कोपरा हाताला लागत होता. मी घड्याळबाईंकडे बघितलं. त्यांनी मान एवढीशी हलवली, नको म्हणून. मग मी सचिवबाईंकडे बघितलं. त्या स्ट्रेचरवाल्याच्या बायकोकडे मात्र बघितलं नाही.

मी म्हणाले, "हो."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मग घड्याळबाईंकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाला, "तुमचा जबाब टाइप करून ठेवला आहे. तुम्ही मोठ्यानं वाचा आणि बरोबर असेल तर सही करा." त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. नियमच तसा आहे, स्वतः वाचून मग सही.

एकच कागद होता. घड्याळबाई उठून उभ्या राहिल्या. वर्गात आपण उभं राहून वाचायला लावायचो ना, तशा. कागद दोन्ही हातांत छातीपाशी धरला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि त्या बसलेल्या आवाजात सुरू केलं.

"आज माझ्या नव्या कामाचा पहिला दिवस. मी लवकर उठले. मी वेळेवर पोचले. दारावरची पाटी मी स्वतः वाचली."

अधिकाऱ्याला आधी कळलंच नाही. त्यानं समोरच्या प्रतीत बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा प्रतीत. बोट ओळीवरून सरकत होतं, अगदी बरोबर वेगानं, ओळ संपली की खालच्या ओळीवर. एक शब्द चुकला नाही. श्वास लागला तर थांबत होत्या, पुन्हा तिथूनच उचलत होत्या.

"मी दार वाजवले. आतून कुणीतरी म्हणाले..."

इथं पुस्तकातलं पान संपतं. तुला आठवत असेल. घड्याळबाईंनी बोटाला थुंकी लावली आणि कागद उलटला. मागची बाजू कोरी. पांढरी फटक. त्यांनी त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं आणि वाचलं,

"या, आत या. आम्ही तुमचीच वाट पाहत होतो."

सुनेनं तोंडावर पदर घेतला. सर्दीवाला अधिकारी नाक पुसायचंही विसरला होता. घड्याळबाईंनी धडा शेवटपर्यंत वाचला, कागद टेबलावर नीट ठेवला आणि खाली बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, परीक्षेच्या दिवशी बघायच्या तसं. झालं ना नीट, असं.

तेव्हा मी उठले आणि वही काढून टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. अकरावा धडा, झिजलेली पुस्तकं, तुझी यादी, मी ती फाडली ते. सगळं. सचिवबाई मधेच उठून गेल्या. पण आता त्या सांगण्याला काय अर्थ होता? पाच मिनिटं आधी सांगितलं असतं, तर तिला उभं राहावं लागलं नसतं.

बाहेर पडताना स्ट्रेचरवाल्याची बायको माझ्याजवळ आली. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?" आणि उत्तराची वाट न बघता डबा घेऊन गेली.

ताई


१९ मार्च

धाकटे,

वर्गाला कुलूप लागलं. यंत्रं संस्थेचा टेम्पो घेऊन गेला, बंद पडलेली दोनसुद्धा. सुतारानं ती उतरवायला मदत केली. जाताना म्हणाला, "बाई, मी जोडाक्षरापर्यंत आलो होतो."

एवढ्यावर भागलं नाही. जुन्या सगळ्या तुकड्यांतल्या बायका जिथं कामाला आहेत, तिथल्या मालकांना संस्थेनं पत्रं पाठवली आहेत. कारखान्यात, दवाखान्यात, शाळेच्या स्वयंपाकघरात आपल्या बायकांना साहेबापुढं उभं करून वाचायला लावताहेत. ज्यांना खरोखर येतं त्यांनासुद्धा. धास्तीनं त्याही अडखळतात. शिवणाच्या बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे, तेव्हा या पाकिटावरचा पत्ता माझ्याच हातचा आहे.

स्ट्रेचरवाला घरी आला. जगेल म्हणतात, पण त्याला आता जिना चढता येत नाही आणि त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

घड्याळबाईंवर खटला होणार नाही. नोकरी गेली. काल त्यांच्याकडे गेले होते. त्या दाराबाहेर पायरीवर बसल्या होत्या. प्रमाणपत्र अजून भिंतीवरच आहे, बाहेरून दिसत होतं. ते काढायचं कुणी, हाच बहुधा प्रश्न असावा. नात आत होती, मोठ्यानं काहीतरी वाचत होती. आजीला हाक मारत नव्हती.

मी पायरीवर शेजारी बसले. म्हटलं, "मी रोज येईन. तुमच्याकडेच बसू. चार महिन्यांत तुम्हाला येईल, माझ्या बहिणीनं लिहून ठेवलंय." तुझं नाव पुढं केलं, माझ्या शब्दाला आता किंमत उरली नाही म्हणून.

"आता कशाला, बाई?" त्या म्हणाल्या. "आता कोण ऐकणार आहे?"

माझी निघायची वेळ झाली तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. औषधानं भाजलेली बोटं, अजून सालं निघताहेत. त्या दिवसापासून मनात घोळत असलेलं विचारलं त्यांनी, अगदी हळू, आतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"बाई, पान तरी मी बरोबर जागी उलटलं होतं ना?"

तू असतीस तर काय उत्तर दिलं असतंस, धाकटे? मी पुन्हा "हो" म्हणाले.

तुझी
ताई